शटरला मोटार बसवण्याआधी स्प्रिंग तपासा



दर अंकात मी लागण, खोडवा, बेणे आणि पाणी यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय मात्र शेतातला नाही, शेडमधला आहे. आपल्या कार्यक्षेत्रात आता बहुतेक गावांत ट्रॅक्टरच्या शेडी झाल्या आहेत. पूर्वी गोठ्याच्या कडेला ताडपत्री टाकून ट्रॅक्टर उभा असायचा. आता विटांची भिंत, वर पत्रा आणि तोंडाला दहा-बारा फुटी लोखंडी रोलिंग शटर, अशी सोय लोकांनी केली आहे. आत ट्रॅक्टर, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, फवारणीचे पंप असा सगळा संसार असतो. चांगली गोष्ट आहे.

पण चार-पाच वर्षं गेली की शटर जड होतं. वर ढकलायला दोन माणसं लागतात. मग गट ऑफिसात गाठ पडली की सभासद विचारतात, "साहेब, मोटार बसवू का?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मी एकदा तसं दिलं आणि ते चुकलं. म्हणून हा लेख.

माझी चूक

२०२३ च्या दिवाळीनंतर, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, एका सभासदाने मला हाच प्रश्न विचारला. स्वतःचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलर, उसाची वाहतूक करणारे गृहस्थ. वय साठीच्या पुढचं. मी जीपमध्ये बसता बसता म्हणालो, "बसवा की. तुमच्या वयाला बरं पडेल." शेडकडे गेलो नाही, शटर हलवून पाहिलं नाही. माझ्या शब्दाला मान देऊन त्यांनी आठवड्यात मोटार बसवली. बाहेरगावचा एक शटरवाला आला, दुपारभरात काम उरकून पैसे घेऊन गेला. बटण दाबलं की शटर वर. घरची मंडळी खूश.

दीड महिना बरा गेला. मोटारीला जळका वास येतो म्हणून एकदा घरात बोलणं झालं, पण हंगामात तिकडे बघायला कोणाला सवड! मग एका रात्री ट्रेलर भरून थळात उभा, ट्रॅक्टर शेडमधून बाहेर काढायचा, शटर निम्मं वर गेलेलं आणि लाईट गेली. त्यांच्या गड्याला शटरवाल्याने दाखवून ठेवलं होतं की लाईट गेली तर ही वायर ओढायची, म्हणजे शटर हातानं वर नेता येतं. त्यानं वायर ओढली. शटर वर गेलं नाही, सगळं खाली आलं. तळपट्टी त्याच्या पायावर बसली आणि पंजाची दोन हाडं मोडली.

दवाखान्याचा खर्च मालकांनी केला. पण गड्याचा तो हंगाम गेला, घरात बसून गेला. मला कोणी बोल लावला नाही. "साहेब, तुम्हीच म्हणाला होता," असं ते सभासद एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या फिटर आणि वायरमन मंडळींबरोबर बसलो आणि ही गोष्ट मुळातून समजून घेतली. माझं शिक्षण शेतकी पदविकेचं, मी काही इंजिनिअर नव्हे. पण जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो.

शटर उचलतं कोण?

दहा फूट रुंद आणि बारा फूट उंच शटर घ्या. क्षेत्र झालं १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. पट्ट्यांचा पत्रा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाड. पोलादाचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, तेव्हा १.२ मिलिमीटरचा साधारण साडेनऊ किलो झाला. पट्ट्या वळवलेल्या आणि एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्यामुळे पत्रा सपाट क्षेत्रापेक्षा जास्त लागतो. अंदाजाने एक तृतीयांश जास्त धरला तर चौरस मीटरला साडेबारा किलो. एकूण वजन १४० किलोच्या आसपास गेलं. साखरेची ५० किलोची जवळजवळ तीन पोती!

आता सांगा, शटर नवं असताना तुमच्या घरची बारा वर्षांची पोरगी ते एका हातानं वर ढकलत होती. तीन पोती तिनं उचलली का? नाही. उचलली स्प्रिंगनं.

शटरच्या वर पत्र्याच्या आच्छादनात एक पाईप आडवा बसवलेला असतो. हा पाईप फिरत नाही. त्याच्यावर गोल डब्या फिरतात. शटरचं वरचं टोक या डब्यांना जोडलेलं असतं आणि प्रत्येक डबीत स्प्रिंग असते. रुंदीप्रमाणे दोन, तीन, चार अशा डब्या असतात. शटर खाली ओढलं की स्प्रिंग पिळली जाते आणि तिच्यात जोर साठतो. वर ढकललं की तोच जोर परत मिळतो. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा सगळं वजन लोंबतं आणि स्प्रिंगही सगळ्यात जास्त पिळलेली असते. वर जाईल तसं शटर डब्यांवर गुंडाळलं जातं, लोंबतं वजन कमी होतं आणि स्प्रिंगचा पीळही उतरत जातो. तराजूची दोन्ही पारडी बरोबरीने हलत राहतात. म्हणून माणसाच्या हाताला उरतो तो फक्त फरक.

हे कळायला बैलगाडीचं उदाहरण पुरेसं आहे. उसाची गाडी भरताना जाणता गाडीवान भार आसावर बरोबर बसवतो. भार पुढे गेला की जू बैलांच्या मानेवर बसतं. मागे गेला की गाडी उलाळ होते. भार आसावर असला की बैल नुसती गाडी ओढतात, उचलत नाहीत. शटरचा आस म्हणजे स्प्रिंग, आणि मोटार म्हणजे बैल. आस मोडलेल्या गाडीला चांगली जोडी जुंपून गाडी चालत नाही, जोडी मात्र जाते.

या लेखात सांगायचं ते एवढंच आहे: मोटारीनं शटर हलवायचं असतं, उचलायचं नसतं. बाकीचं सगळं यातून निघतं.

त्या रात्री काय झालं?

त्या शेडमधल्या तीन स्प्रिंगांपैकी एक तुटलेली होती आणि दोन थकलेल्या. म्हणून तर शटर जड झालं होतं. मोटार बसवल्यावर तो जडपणा दिसेनासा झाला, गेला नाही. मधल्या पाईपवर बसणाऱ्या मोटारीनं रोज सत्तर-ऐंशी किलोचा फरक अंगावर घेतला.

त्यात आपल्याकडचं व्होल्टेज. संध्याकाळी २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळणं नवं नाही. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. १८० ला २३० ने भागून त्याचा वर्ग केला तर साधारण ०.६१ येतो. म्हणजे जोर शंभराचा एकसष्टवर येतो. विहिरीवरच्या पंपाचं आपल्याला माहीत आहे, कमी व्होल्टेजला तो घुमतो, तापतो आणि शेवटी जळतो. शटरची मोटारही त्याच जातीची. जळका वास हा तिचा निरोप होता.

लाईट जाते तेव्हा मोटारीतला ब्रेक शटर जागच्या जागी धरून ठेवतो. वायर ओढली की हा ब्रेक सुटतो. स्प्रिंग बरोबर असेल तर ब्रेक सुटल्यावरही शटर तिथेच तरंगत राहतं आणि हातानं वर-खाली करता येतं. वायरची सोय केलेली आहे ती हे गृहीत धरून. स्प्रिंग तुटलेली असेल तर ब्रेक सुटणं म्हणजे दोर कापणं.

आधी तपासणी, मग मोटार

तेव्हा मोटारीचा विचार मनात आला की पहिली गोष्ट शटरची तपासणी. ती तुम्ही स्वतः करू शकता. दोघांनी मिळून, दिवसाउजेडी करावी. मुलं आणि जनावरं लांब ठेवावीत. तळपट्टीखाली कोणाचाही पाय नसावा.

१. शटर गुडघ्याइतकं वर न्या. दोन्ही बाजूंनी धरून हात हळूहळू सैल करा, एकदम सोडू नका. शटर जागेवर राहिलं किंवा बोट-दोन बोटं सरकून थांबलं तर ठीक.

२. हेच कमरेइतक्या उंचीवर करा, मग छातीइतक्या उंचीवर.

३. तिन्ही ठिकाणी थांबलं तर स्प्रिंग बरोबर आहे. खाली घसरत असेल तर स्प्रिंग ढिली, थकलेली किंवा तुटलेली. आपोआप वर झेपावत असेल तर स्प्रिंग जादा पिळलेली. हेही वाईटच, कारण मग मोटारीला शटर खाली ओढताना त्रास होतो.

४. एक बाजू पुढे आणि एक मागे राहते का पाहा. वाकडं जाणारं शटर म्हणजे एका बाजूची स्प्रिंग गेली, किंवा गाईड वाकला.

मधे कधी शेडमधून "ठाण्ण" असा मोठा आवाज येऊन त्या दिवसापासून शटर एकाएकी जड झालं असेल, तर एक स्प्रिंग तुटली असं समजा.

आता महत्त्वाची ताकीद. स्प्रिंग घरी उघडू नये. पिळलेल्या स्प्रिंगेत तीन पोत्यांना पेलणारा जोर साठलेला असतो. पाना निसटला तर तो हात, जबडा, डोळा, काही पाहत नाही. हे काम शटरच्या जाणत्या मिस्त्रीचंच, आणि तेही जोडीदाराबरोबर. मिस्त्रीला सांगा की एक तुटली असली तरी सगळ्या स्प्रिंगा एकदम बदल. एक नवी आणि दोन जुन्या म्हणजे एक तरणा आणि दोन म्हातारे बैल एका जुवाला जोडण्यासारखं आहे.

स्वतः करण्यासारखं काम म्हणजे साफसफाई. दोन्ही बाजूंच्या गाईडमध्ये धूळ, पाचटाचे तुकडे, गांधीलमाशीची घरं, कोंबडीची पिसं, काय वाटेल ते निघतं. ते कोरड्या फडक्याने आणि ब्रशने काढा. गाईडमध्ये जाड ग्रीस भरू नका. त्याला धूळ चिकटते आणि महिन्याभरात लगदा होतो. तेलाचा हलका हात पुरे. खताची पोती शटरला टेकवून ठेवली असतील तर हलवा. खत ओल धरतं आणि खालच्या पट्ट्या त्याच्यामुळे सगळ्यात आधी गंजतात. गाईड कुठे ठोकर लागून चेपला असेल तर सरळ करून घ्या. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ठोकर बहुतेक शेडींत लागलेली असतेच.

एवढं झाल्यावर शटर पुन्हा हातानं वर करून बघा. आणि मग स्वतःला विचारा की मोटार खरंच हवी आहे का?

कोणती मोटार?

हवीच असेल तर दोन प्रकार समजून घ्या.

पहिला प्रकार मधल्या मोटारीचा. ही स्प्रिंगवाल्या शटरच्या पाईपवर, डब्यांच्या मधोमध बसते. सिंगल फेजवर चालते. लहान-मध्यम शटरना योग्य. मात्र स्प्रिंग ठणठणीत असणं ही तिची अट आहे. घेताना पाईपचा व्यास, डबीचा व्यास आणि शटरचं वजन या तीन गोष्टी मोजून कागदावर लिहून न्याव्यात. नुसतं "दहा बाय बारा" सांगून आणलेली मोटार बसत नाही आणि मग मिस्त्री पाईपला कापाकापी करतो.

दुसरा प्रकार बाजूच्या मोटारीचा. ही भिंतीला एका कडेला बसते आणि साखळीनं मोठं चाक फिरवून शटर गुंडाळते. मोठ्या गोडाऊनची शटरं अशी असतात. इथे स्प्रिंग नसते, सगळं वजन मोटार आणि साखळी पेलते. म्हणून मोटार शटरच्या वजनाहून चांगली दीडपट ताकदीची घ्यावी आणि साखळी तुटली तर शटर अडकवून धरणारा वेगळा सेफ्टी ब्रेक बसवलाच पाहिजे. लाईट गेल्यावर चालवायला हाताची साखळी असते. या मोटारीचा भार एका बाजूच्या भिंतीवर येतो. मातीत बांधलेल्या किंवा अर्ध्या विटेच्या भिंतीला हा प्रकार लावू नये.

दोन्हींपैकी कोणतीही मोटार सलग चालवण्यासाठी नसते. चार-पाच वेळा लागोपाठ वर-खाली केली की तापून आपोआप बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. तो बिघाड नाही. पाहुण्यांना दाखवण्यासाठी बटणाशी खेळू नये एवढंच.

विजेचं काम

इथे मी आपल्या वायरमनचं म्हणणं जसंच्या तसं देतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून शेडची मोटार चालवू नये. एक तर ते नियमात बसत नाही आणि दुसरं म्हणजे त्या फीडरवर तीन फेज ठरावीक तासच असतात. ट्रॅक्टर काढायची वेळ नेमकी त्या तासांबाहेर येते. घरगुती मीटरवरून, पाईपमधून ओढलेली स्वतंत्र वायर घ्यावी. उघड्या वायरला उंदीर सोडत नाहीत. मोटारीच्या अँपिअरप्रमाणे एमसीबी, गळतीचा करंट ३० मिलिअँपिअर झाला की तोडणारा आरसीसीबी, आणि चांगली अर्थिंग, या तीन गोष्टींत काटकसर नको. शटर लोखंडाचं, गाईड लोखंडाचा, पावसाळ्यात जमीन ओली. करंट उतरला तर पहिला हात लावणाराच जाईल.

तीन फेजची बाजूची मोटार असेल तर आणखी एक धोका आहे. लाईनचं काम झाल्यावर कधी फेज उलटतात आणि विहिरीवरचा पंप उलटा फिरतो, हे आपण अनुभवलेलं आहे. शटरच्या मोटारीचंही तसंच. फेज उलटले की "वर"चं बटण दाबल्यावर शटर खाली येतं आणि त्या दिशेचा थांबवणारा स्विच त्याला अडवत नाही. शटर जमिनीवर येऊन पट्ट्यांचा ढीग होतो. म्हणून फेजचा क्रम उलटला तर मोटार सुरूच होऊ न देणारं यंत्र लावून घ्यावं. लाईट बराच वेळ जाऊन आली की पहिल्यांदा बटण क्षणभरच दाबून दिशा पाहण्याची सवय लावावी.

बसवण्याच्या दिवशी

मिस्त्री काम करील, पण आपण शेजारी उभं राहून चार गोष्टी पाहाव्यात.

एक, शटरची जुनी कुलपं आणि बाजूच्या कड्या. या काढून टाकाव्यात, किंवा कडी लागलेली असताना मोटारीला करंटच जाणार नाही अशी जोडणी करावी. रात्री कोणी कडी लावतो, सकाळी दुसरा बटण दाबतो. खालून कडी धरते, वरून मोटार ओढते आणि मधल्या पट्ट्या चिरडतात. नव्या मोटारीचा हा नेहमीचा अपघात आहे.

दोन, दुसरा दरवाजा. मधल्या मोटारीची ब्रेकची वायर शेडच्या आत असते. शटर बंद, लाईट गेलेली आणि शेडला दुसरा दरवाजा नाही, तर मालक स्वतःच्याच शेडबाहेर उभा! एक तर माणूस जाण्यापुरता बाजूला दरवाजा असावा, नाहीतर ती वायर बाहेरच्या बाजूला किल्लीच्या डबीत आणावी.

तीन, वरची आणि खालची हद्द. शटर कुठे थांबायचं ते मोटारीवरच्या स्क्रूने ठरवतात. आधी शटर मधोमध आणून थोडं थोडं चालवत हद्द बांधावी. खाली तळपट्टी जमिनीला जेमतेम टेकावी, पट्ट्या ढिल्या पडू नयेत. वर तळपट्टी चौकटीच्या थोडी खालीच थांबावी. ती गुंडाळीत ओढली गेली तर परत खाली येत नाही.

चार, बटणाची जागा. शटर पूर्ण दिसेल अशा ठिकाणी, जमिनीपासून पाच फुटांवर. लहान मुलाच्या हाताला लागता कामा नये. रिमोट घेतलाच तर तो खिशात घालून शेतात जाऊ नये. आणि जमेल त्यानं असं बटण घ्यावं की जे दाबून धरलं तरच शटर चालतं, सोडलं की थांबतं. चालवणाऱ्याला तेवढा वेळ शटरकडे बघत उभं राहावं लागतं. हाच त्याचा फायदा.

लहान मुलांविषयी

अमेरिकेत घरोघरी मोटारगाडीच्या खोलीला वर सरकणारं दार असतं. तेही स्प्रिंगवर तोललेलंच. सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९२१ साली तसं दार काढलं आणि १९२६ साली ते विजेवर उघडणारं यंत्रही काढलं. पुढे ही यंत्रं फार पसरली आणि लहान मुलं दाराखाली सापडून दगावू लागली. शेवटी तिथे कायदा झाला. १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्राला, दार खाली येताना काही आड आलं तर ते उलट फिरून वर गेलंच पाहिजे, असं बंधन आहे. त्यासाठी दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, एकमेकांकडे बघणारे प्रकाशाचे डोळे बसवतात. मधे कोणी आलं, किरण तुटला की दार परत फिरतं. कंपनीप्रमाणे त्याला फोटो सेन्सर वगैरे म्हणतात.

आपल्याकडे रोलिंग शटरच्या मोटारीबरोबर हे डोळे आपोआप मिळतीलच असं नाही. मागून, जादा पैसे देऊन घ्यावे लागतात आणि तिथेच लोक पैसे वाचवतात. माझी हात जोडून विनंती आहे की इथे वाचवू नका. हंगामात आपल्या शेडींच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्यांची पोरं दिवसभर शेडच्या सावलीला खेळतात. वर जाणाऱ्या शटरला लोंबकळणं हा त्यांचा खेळ होतो, आणि खाली येणाऱ्या शटरखालून शेवटच्या क्षणी पळणं हा त्याहून आवडता खेळ. आईबाप फडात असतात. त्या पोरांवर लक्ष ठेवायला त्या वेळी शेडचा मालक सोडून दुसरं कोणी नसतं.

डोळे बसवल्यावर दर आठवड्याला तपासा. शटर खाली येत असताना बाजूला उभं राहून एक लांब उसाचं कांडकं त्या किरणाच्या आड धरा. शटर थांबून परत फिरलं पाहिजे. फिरलं नाही तर मोटारीचा स्विच बंद करून मिस्त्रीला बोलवा. शेडमध्ये धूळ असते, म्हणून डोळ्यांवरून फडकं मारत जा.

थोडक्यात

शटर जड झालं की आधी साफसफाई आणि तीन उंचींवर तपासणी. स्प्रिंग खराब असेल तर सगळ्या बदलून घ्याव्यात. मग मोटारीचा विचार. वजन, पाईप आणि डबी मोजून मोटार निवडावी. स्वतंत्र वायर, अर्थिंग, आरसीसीबी. जुनी कडी काढणे, दुसरा दरवाजा, हद्द, बटणाची जागा. प्रकाशाचे डोळे. आणि मोटार बसल्यावरही दर सहा महिन्यांनी, म्हणजे हंगामाच्या आधी दसऱ्याच्या सुमाराला आणि हंगाम संपल्यावर, स्प्रिंगची तपासणी पुन्हा करून घ्यावी. मोटार बसली की शटर जड झालेलं हाताला कळत नाही, हे विसरू नये. मोटारीनं फायदा केला तसा हा एक तोटाही केला. मोटारीचा आवाज बदलला, वेग मंदावला किंवा वास आला, तर तोच आता आपला हात समजावा.

शेवटचं एक

त्या अपघातानंतर तीन सभासदांनी मला मोटारीबद्दल विचारलं. तिन्ही ठिकाणी मी आधी शेडवर गेलो. दोन ठिकाणी स्प्रिंगा बदलल्यावर आणि गाईड साफ केल्यावर शटर एका हातानं वर जाऊ लागलं आणि मोटारीचा बेत त्यांनी स्वतःच सोडून दिला. त्या पैशात एकाने ठिबकचा फिल्टर घेतला. तिसऱ्या सभासदाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यांना मोटारीची खरी गरज होती. त्यांनी डोळ्यांसकट बसवली.

आणि ज्या शेडमध्ये अपघात झाला तिथल्या स्प्रिंगाही बदलल्या. मोटार आहे तीच आहे. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा लाईट नव्हती. तोच गडी पुढे झाला, वायर ओढली, तळपट्टीला हात लावला आणि शटर छातीपर्यंत नेऊन सोडलं. ते तिथेच थांबलं. तो जरा लंगडतो, पण कामावर आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी शटरकडे पाहत राहिलो.

ज्या सभासदांना शटर तपासून हवं असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव आणि शेडचं माप लिहून द्यावं. लागणीच्या पाहणीला तुमच्याकडे येणं होतंच, त्याच फेरीत शेडही पाहता येईल. मी आता शेड पाहिल्याशिवाय कोणाला "बसवा की" म्हणत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी